कानातली सुई

केमोच्या दुसऱ्या डोसनंतर काकूंच्या पोटात पाणीही टिकेना, तेव्हा तिसरा डोस घेणार नाही, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. काकांचं धाबं दणाणलं. उलट्यांवर अ‍ॅक्युपंक्चर चालेल का, असं त्यांनी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, थोतांड आहे. नर्स इकडेतिकडे बघत म्हणाली, "मी काही बोलले नाही, पण माझ्या मावशीला गुण आला." फिजिओथेरपीवाल्याने पुन्हा डॉक्टरांकडेच पाठवलं. काका विचारून विचारून वैतागले आणि काकूंना गुपचूप घेऊन गेले.

अ‍ॅक्युपंक्चरवाल्या बाईंनी कानात एक चिमुकली सुई टोचली. डॉक्टरांना दिसू नये म्हणून वर कातडीच्या रंगाची पट्टी लावली. काकू त्या दिवशी पोटभर जेवल्या. पट्टी इतकी बेमालूम होती, की नवराबायकोही तिला विसरून गेले.

आठवण झाली ती एमआरआयच्या दारात. काकूंनी अंगठी, चष्मा, केसातल्या पिना सगळं काढून दिलं, तरी धातू शोधणारं यंत्र कानापाशी कोकलायला लागलं. काम थांबलं. डॉक्टर तरातरा खाली आले.

"ही कसली सुई?"

"उलट्यांची," काकू म्हणाल्या.

पुरावा, जंतुसंसर्ग, मनाचे खेळ असं सगळं डॉक्टरांनी ऐकवलं. सुई काढली गेली, एमआरआय पार पडला. बाहेर येताच काकूंनी पर्समधून बाईंनी देऊन ठेवलेलं नव्या सुईचं सीलबंद पाकीट काढलं.

"आता परत टोचा. नाहीतर उद्याचा डोस तुम्हीच घ्या."

बाई परगावी. नर्सने आधीच हात वर केले. रक्तातल्या पेशी कमी निघाल्या तर सुई टाळता येईल, अशा मोठ्या आशेने डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट मागवला, तर तोही मेला उत्तम निघाला. शेवटी काकांनी बाईंना फोन लावून स्पीकर चालू केला आणि डॉक्टर हातमोजे घालून कानाशी वाकले.

"जरा वर," फोनमधून आवाज आला. "तिथे नाही हो. डॉक्टर आहात ना?"

सुई बसली. डॉक्टरांनी घाम पुसला आणि यातलं अक्षरही बाहेर जाता कामा नये, असं सगळ्यांना बजावलं. काकूंनी दुसऱ्या दिवशी डोस घेतला आणि वर डबाही फस्त केला.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर ओपीडीत आले, तर बाकावरच्या सगळ्या बायका केस कानामागे सारून बसल्या होत्या. त्यांनी नर्सकडे पाहिलं.

"मी काही बोलले नाही," ती म्हणाली.