ओढ्याचं किमान पाणी

रघुपतीरावांनी ओढ्याचं पाणी पहिल्यांदा मोजलं ते घरी पाटावर बसून, ओढा न बघताच. तंजावूरच्या कचेरीत ते ओव्हरसियर. वल्लम गावाच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या बायका उन्हाळ्यात तीन मैलांवरून पाणी आणत, म्हणून गावाने पंप मागितला होता. इंजिनिअर सुब्रमण्यम म्हणाले, ऐन उन्हाळ्यात सेकंदाला एक घनफूट तरी वाहत असेल तरच पंप. आता त्या ओढ्यावर मोजणीचं ठाणं जन्मात नव्हतं. मग रीतीप्रमाणे शेजारच्या मोजलेल्या नदीचे आकडे घेतले, पाणलोटाच्या प्रमाणात कापले, आणि उत्तर आलं दोन घनफूट. झकास!

"शेजारणीची चूल पाहून अमच्या घरी किती भात शिजतो ते सांगतील काय हो?" त्यांच्या पत्नी नागलक्ष्मीबाईंनी कॉफी ठेवता ठेवता विचारलं.

प्रश्न बोचला. साहेबांकडून गावाला निरोप धाडून रघुपतीराव चौथ्या दिवशी टेप, घड्याळ आणि सहा लिंबं घेऊन तिथे हजर झाले.

ऐन उन्हाळ्यातही ओढा चांगला खळाळत होता. त्यांनी पाण्याची रुंदी-खोली मोजली, काठावर शंभर फूट आखले, लिंबू सोडलं, घड्याळ पाहिलं. गावकऱ्यांना वाटलं पूजाच चालली आहे. कुणीतरी नारळ फोडला. तिन्ही खेपांना हिशेब तोच, दोन घनफूट! रघुपतीरावांना गणिताचा आणि स्वतःचा भारी अभिमान वाटला. मोठ्या ऐटीत त्यांनी चौथं लिंबू सोडलं. ते निम्म्या वाटेवर रेंगाळलं आणि वाळूत बसलं.

"हे काय, रामस्वामी?"

गावचे पुढारी रामस्वामी मान खाली घालून म्हणाले, "अय्यो, चुकलं सार. अधिकारी पहिल्यांदा घरी येणार आणि ओढा रिकामा? गावाची अब्रू जाईल! म्हणून वरती तीन दिवस पाणी अडवलं, सकाळी सोडलं. आणखी थोडं पुरेल वाटलं."

"पण असा पंप बसवून काय वारा ओढाल?"

"काहीच नाही म्हटलं तर कोण काय देतं, सार?" शेषम्मा नावाची म्हातारी मागून बोलली. तिच्या काखेत रिकामी घागर होती.

रघुपतीरावांना फार वाईट वाटलं. पण खोटा आकडा लिहायला हात धजेना. त्यांनी लिहिलं: शून्य.

महिन्याभरात हुकूम आला. आकडेमोड म्हणते दोन, ओव्हरसियर म्हणतो शून्य. सबब पंप नामंजूर, आणि ओढ्यावर कायमचं मोजणीठाणं मंजूर. तहानलेल्या गावाला सरकारने मोजपट्टी दिली! गावात तोंड दाखवायची रघुपतीरावांना लाज वाटली, पण काम त्यांच्याच गळ्यात आलं. मोजपट्टीच्या खांबाच्या पायासाठी ओढ्याच्या वाळूत खड्डा सुरू झाला. बारा फुटांवर मजूर ओरडत वर आले. खालून स्वच्छ, गार पाणी भरत होतं.

"उपसून टाका," मुकादम म्हणाला.

"खबरदार!" शेषम्मा घागर घेऊन खड्ड्यात उतरलीसुद्धा. तिच्यामागे रांग लागली.

रघुपतीरावांनी खड्ड्याला लाकडी कठडा घालून घेतला आणि खांब तसाच काठावर आडवा ठेवला. तीन आठवड्यांनी सुब्रमण्यमसाहेबांनी त्यांना बोलावलं.

"ठाणं अजून उभं नाही? निदान पाणी किती आहे ते तरी सांगा."

"मोजता येत नाही, सर," रघुपतीराव म्हणाले. "घागरी थांबतच नाहीत."