घरी असलेल्या बाईंची रजा

घरी बसलेल्या माणसाला थकवा येत नाही, हे सत्य शिक्षण विभागाने साथीच्या दुसऱ्याच महिन्यात ओळखले आणि परिपत्रक काढून सर्वांना कळवले. सोबत तक्ताही होता. शाळेत शिक्षक उभा असतो, घरी बसलेला असतो. शाळेत जायला बस लागते, घरी लागत नाही. सबब शिक्षकाचे रोज सरासरी दोन तास दहा मिनिटे वाचतात. हे वाचलेले तास वाया जाऊ नयेत म्हणून विभागाने सात नवे अहवाल सुरू केले. (आठवा अहवाल, हे सात वेळेवर भरले की नाहीत याचा.)

सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या बाई या सोयीच्या लाभार्थी होत्या. बावीस वर्षांची नोकरी आणि खणखणीत आवाज. शाळेत त्या शिकवू लागल्या की शेजारच्या वर्गालाही विज्ञान फुकटात मिळे. आता त्यांचा वर्ग फ्रिज आणि इस्त्रीचे टेबल यांच्यामध्ये भरत असे. फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला. फोनवर अठ्ठावन्न चौकोन: एकावन्न काळे, चारांत छताचा पंखा, दोनांत नुसते कपाळ आणि एकात कोणाचे तरी झोपलेले आजोबा. दर पाच मिनिटांनी बाई विचारत, "आवाज येतोय का?" उत्तर येत नसे, म्हणून त्या आणखी मोठ्याने बोलत. आतल्या खोलीत नवरा आपल्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये ओरडत असे, म्हणून त्याहून मोठ्याने.

"अगं, कोणाशी बोलतेस एवढं?" सासूबाईंनी भाजी निवडता निवडता डोकावून विचारले. "तिथं तर कोणीच दिसत नाही."

"मुलं आहेत, आई," म्हणताना बाईंचा आवाज फाटला.

डॉक्टरांनी घसा पाहिला आणि मान हलवली. "आठ दिवस एक शब्द काढायचा नाही. कुजबुजसुद्धा नाही. ऐकलं नाहीत तर हा आवाज परत येईल, याची खात्री मी देणार नाही." ज्याच्यावर बावीस वर्षे पोट होते तेच जाणार म्हटल्यावर बाई घाबरल्या. त्यांनी रजेचा अर्ज धाडला. मुख्याध्यापकांचा फोन आला.

"बाई, तुम्ही घरीच तर आहात. घरी असलेल्या माणसाला घरी राहायची रजा मी कोणत्या रकान्यात दाखवू?"

बाईंना बोलायची मनाई होती. त्यांचे गप्प राहणे संमती म्हणून नोंदवण्यात आले.

विभागाला शिक्षकांची काळजी नव्हती, असे मात्र कोणी म्हणू नये. दर शनिवारी प्रत्येकाने आपला तणाव एक ते दहा या आकड्यांत कळवायचा असे. पाचाच्या वर आकडा टाकणाऱ्याला रविवारी सकाळी तीन तासांचे तणावमुक्ती शिबिर सक्तीचे होते. (कॅमेरा चालू, चेहरा हसरा, शेवटी वीस गुणांची चाचणी.) दोनच आठवड्यांत शिक्षकांचा तणाव एक्क्याऐंशी टक्क्यांनी घटला. बाईंनीही चार टाकले.

मग त्यांनी सरळमार्गी माणसाला अगदी नाइलाज झाल्यावर सुचते तशी युक्ती केली. माइक बंद ठेवून त्या कॅमेऱ्यासमोर बसल्या आणि नुसते ओठ हलवत 'ध्वनी' हा धडा सुरू केला. पाच मिनिटांत कोणीतरी तक्रार करील, बोंबाबोंब होईल आणि मुख्याध्यापकांना झक मारत रजा द्यावी लागेल, असा त्यांचा अंदाज होता. तास संपला. अठ्ठावन्न जणांनी "समजलं बाई" लिहिले. (आजोबांच्या चौकोनातूनही.)

दुसऱ्या दिवशी तेच झाले. तिसऱ्या दिवशी बाईंनी ओठ हलवणेही सोडले. चौथ्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिले, "बाई हल्ली किती शांतपणे शिकवतात," आणि त्याखाली चाळीस अंगठे उमटले. सहाव्या दिवशी पर्यवेक्षक वर्गात डोकावले, चार मिनिटे थांबले आणि शेरा देऊन गेले: "शिस्त उत्तम. शिक्षिकेचा सूर संयत. हा पाठ आदर्श म्हणून इतर शाळांना दाखवावा."

बाईंना हसू यायला हवे होते, ते आले नाही. बावीस वर्षे आपण नेमके काय करत होतो, या विचारात त्या एकच पातेले घासत उभ्या राहिल्या. सासूबाईंनी काही न विचारता ते त्यांच्या हातून काढून घेतले.

नवव्या दिवशी डॉक्टरांनी परवानगी दिली. बाईंनी माइक उघडला आणि जपून विचारले, "आवाज येतोय का?"

सत्तावन्न "हो बाई" तत्काळ आले. अठ्ठावन्नावे उत्तर उशिरा आले, पंख्याच्या एका चौकोनातून, फक्त बाईंना दिसेल असे. "बाई, आज आला. आठ दिवस मला वाटत होतं माझाच फोन बिघडलाय. घरी सांगितलं तर बाबा चिडतील म्हणून मी समजलं लिहीत होते. तुम्ही काय शिकवलंत ते परत सांगाल का?"

बाई तिथेच, फ्रिज आणि इस्त्रीच्या मध्ये, कॅमेरा चालू असताना रडल्या. (उरलेल्या सत्तावन्न चौकोनांची यावर काही हरकत आली नाही.) मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि 'ध्वनी' पहिल्यापासून शिकवला, हळू आवाजात, एकीसाठी.

त्याच दिवशी त्यांनी सगळा प्रकार लेखी कळवला. रीतसर चौकशी झाली. सत्तावन्न विद्यार्थ्यांची काहीच तक्रार नसून एका विद्यार्थिनीच्या घरी तांत्रिक बिघाड असल्याचे निष्पन्न झाले. तिच्या पालकांनी फोन तपासून घ्यावा, अशी सूचना गेली. बाईंना आदर्श पाठाचे प्रमाणपत्र मिळाले, आणि त्या शनिवारी चाराऐवजी नऊ लिहिल्याबद्दल रविवारचे शिबिरही.

वाचकांनी बाईंबद्दल हळहळण्याआधी आपल्या मुलाच्या वर्गाचा ग्रुप उघडावा आणि त्या चौथ्या दिवशीचा निरोप शोधावा. खालच्या चाळीस अंगठ्यांत एक तुमचा आहे. आठवत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, या कथेलाही एक अंगठा दाखवा आणि कामाला लागा. वाचली का, असे विभाग विचारत नाही.