तिसऱ्या तंबूमागचा अळू

आमचे विनूकाका पाहुण्यांचा वास घेतात. हसू नका, खरंच सांगते. बेतवेच्या काठी आमचा सहा तंबूंचा सफारी कॅम्प आहे. पाहुणा जीपमधून उतरला की काका हात जोडून "पधारिए जी" म्हणतात आणि वाकता वाकता हळूच नाक फुलवतात. "साबुन बहुत खुशबूदार है आपका. हमें दे दीजिए, जाते समय लौटा देंगे." बिचारा पाहुणा साबण काढून देतो, आणि त्याच्या हातात येतो काय, तर रिठ्याच्या पाण्याचा गडू!

काका इथले व्यवस्थापक आणि मी स्वयंपाकघर सांभाळते. काका त्याला मुदपाकखाना म्हणतात. झाशीतल्या आमच्या जुन्या मराठी घरांत असले शब्द अजून जीव धरून आहेत. आम्ही दोघं ओरछा गेटजवळच्या एकाच गल्लीतले. मला या नोकरीत त्यांनीच ओढलं.

कॅम्पात त्यांचे दोन नियम. पहिला, आंघोळीला माणशी एक बादली. दुसरा, झाडाला ताजं पाणी घालायचं नाही. तंबूत न्हालेलं पाणी चरातून मागच्या झाडांना जातं, म्हणून तर साबणाला बंदी. पहिल्या तंबूमागे केळी, दुसऱ्यामागे लिंबू, तिसऱ्यामागे अळू. कुणी जरा जास्त पाणी उपसलं की काका पुटपुटतात, "बेतवा देख रही है, जी!"

एकदा एक बडे साहेब दुसरी बादली मागायला आले. काका त्यांना काठावर घेऊन गेले आणि खडकावर बसवलं. पलीकडे नीलगायी पाण्यावर उतरल्या होत्या. नदी इतकी संथ की पाणी कुठे संपतं आणि उजेड कुठे सुरू होतो, कळेना. तासभर दोघं नुसते बघत बसले. साहेब परतले ते बादली विसरूनच.

तिसऱ्या तंबूचा न्यायच वेगळा. तिथल्या पाहुण्यांच्या मागे काका सकाळपासून लागलेले. "नहा लिए जी?" कडाक्याच्या थंडीत एकाने आंघोळीला नाही म्हटलं, तर काका स्वतः कढत पाणी घेऊन हजर! सगळा कॅम्प त्यांना हसतो.

मी नाही हसत. तो अळू काकूंचा आहे. गल्लीतल्या घरी मोरीच्या पाण्यावर त्यांनी लावलेला. काकू गेल्या आणि एका माणसाच्या आंघोळीवर अळू जगेना, पानं पिवळी पडायला लागली. तेव्हा काकांनी कंद उकरले, ओल्या फडक्यात गुंडाळले आणि इथे आणून लावले. या वयात नोकरी कसली धरताय, म्हणून मुलगा चिडला होता. अळूला न्हाणारी माणसं लागतात, हे त्याला कसं सांगणार?

यंदा एप्रिल वैऱ्यासारखा तापला. पाहुणे आटले. तिसरा तंबू आठवडाभर रिकामा आणि अळूने मान टाकली. काका तिथेच न्हायला लागले, मीही न्हाले, पण भेगाळलेली माती दोन बादल्या गिळून तशीच कोरडी. आमच्या रामकलीलाही त्यांनी गळ घातली. ती शेजारच्या गावातून भांडी घासायला येते. ती ठसक्यात म्हणाली, "दद्दा, हम तौ घरै सपर कें आए हैं. अब का दो बेर सपरें?" दोनदा कोण आंघोळ करणार, बरोबरच होतं तिचं.

शेवटी मीच कळशी घेऊन निघाले, तर काका आडवे आले.

"नंदा, नियम आहे."

"खड्ड्यात गेला नियम! काकूंचा अळू आहे तो."

"म्हणून तर. माझ्या झाडाला ताजं पाणी घातलं, तर उद्या पोहायचा तलाव मागणाऱ्याला मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?" मग अळूकडे न बघता म्हणाले, "बेतवा बघतेय गं."

मी कळशी परत नेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर काका दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन तिसऱ्या तंबूकडे निघालेले. म्हटलं, आता बरे सापडले!

"काका, माणशी एक!"

"एकच आहे."

"आणि ही दुसरी?"

ते थांबले. "ती तुझ्या काकूची," म्हणाले आणि आत गेले.

आधी भराभर पाणी ओतल्याचा आवाज आला. मग सगळं शांत. मग पुन्हा पाणी पडायला लागलं, या वेळी अगदी हळू, तांब्या तांब्याने. आणि काकांचा आवाज आला, "उन्हात ठेवलं होतं गं, कोमट आहे."

मला तिथे उभं राहवेना. पदर डोळ्यांना लावला आणि मुदपाकखान्यात येऊन उगीच भांडी आवरत बसले.

काकांची, माझी आणि काकूंची अशा रोज तीन बादल्या मिळाल्या, तेव्हा अळूने चार दिवसांनी मान उचलली. आता काकूंची बादली रोज सकाळी मीच उन्हात ठेवते.