झाकण हललं तर!

"चारला शुभंकर शेठ येतील, तेव्हा झाकण टेबलावर हललं तर मी उद्यापासून कामावर येणार नाही!" शमिकाने मिरजोळ्याच्या कारखान्यात सगळ्यांसमोर जाहीर केलं. नोकरीला लागून तिला जेमतेम दोन महिने झाले होते. मालक गफूरचाचा लगेच "कबूल!" म्हणाले, ते तिला जरा लागलंच.

झाकणं होती प्लास्टिकची, गिऱ्हाईक शुभंकर शेठच्या आंब्याच्या रसाच्या चौकोनी डब्यांची. साच्यातून निघाली की पापडासारखी वाकायची! कारण शमिकाने शोधलं होतं. साच्याचे दोन अर्धे. गार पाणी आधी एकातून फिरायचं आणि तिथे तापून मग दुसऱ्यात जायचं. जी बाजू उशिरा निवते ती जास्त आकसते आणि झाकणाला आपल्याकडे ओढते. मग तिने छपरावरच्या टाकीपासून दोन्ही अर्ध्यांना वेगवेगळ्या नळ्या जोडल्या. दहाला पहिलं झाकण निघालं. सपाट! मशीनवरचे अनिलदादा तर त्यावर चहाचा कप ठेवून बघत बसले.

ती जेवायला गेली आणि गफूरचाचांना मदतीचा उमाळा आला. त्यांच्या भावाचा मिरकरवाड्याला मच्छीचा धंदा. तिथून बर्फाच्या तीन पाट्या आणून त्यांनी थेट टाकीत ओतल्या!

शमिका परतली तर साचा घामाने डबडबलेला, झाकणांवर गोवर उठल्यासारखे ठिपके आणि झाकणं पुन्हा वाकडी!

"चाचा, बर्फ कोणी सांगितला?"

"तूच म्हणालीस ना बेटा, पाणी गार पाहिजे! घे, गारेगार!"

"इतकं नको हो! हवेतली वाफ साच्यावर जमतेय."

"ता ठीक गो, पण वाकली कशी?" अनिलदादा म्हणाले. "शेठचा फोन होता. जवळच पालीला चहा घेतायत!"

शमिकाने साच्यातून परतणाऱ्या दोन्ही नळ्यांखाली हात धरला. डावी धो धो. उजवी मात्र सर्दी झालेल्या नाकासारखी! अनिलदादांनी उजवी नळी साच्याकडून सोडवली; ती शिडीवर चढली, टाकीजवळचं टोक सोडवलं आणि गाल फुगवून जोरात फुंकली. खालच्या टोकातून काहीतरी चमकदार उडालं आणि अनिलदादांच्या खांद्यावर बसलं.

"मांदेली," गफूरचाचा ओळख करून दिल्यासारखे म्हणाले. "मच्छीच्या बर्फातून आली असेल. ताजी आहे."

बर्फ उपसला, टाकीच्या तोंडाला जाळी बसली, साचा पुसला. चारला शेठनी झाकण टेबलावर ठेवलं. एक कोपरा दाबला. मग चारही दाबले. झाकण जागचं हललं नाही!

"कॅरमबोर्डच की! सोमवारपासून माल काढा!"

अनिलदादांनी शिट्टी मारली. गफूरचाचांनी शमिकाच्या पाठीवर अशी थाप दिली की तीच वाकली.

जाता जाता शेठनी बिघाडाची वही उघडली. शमिकाच्या सुवाच्य अक्षरात नोंद होती: 'उजव्या नळीत मांदेली. एक नग. लांबी नऊ सेंटिमीटर.'

"लांबी कशाला?"

"वजनही करणार होते," शमिका हळूच म्हणाली, "पण तेवढ्यात मांजराने नेली."