समई सेवेस सोडण्याचा दाखला

या जगात कोणतीही वस्तू दुरुस्त केल्याने दुरुस्त होत नाही. ती दुरुस्त झाली अशी अधिकारी माणसाने सही केली की होते. काशीतल्या आमच्या महाराष्ट्रीय कीर्तन मंडळाला हे सत्य बासष्ट वर्षं ठाऊक नव्हतं. तोवर मंडळ नुसतंच कीर्तन करत होतं.

पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत मंडळाचं सभागृह आहे. गेल्या कार्तिकी एकादशीला तिथे ऐन उत्तररंगात तीन बिघाड झाले. पेटीची एक पट्टी दबली ती वरच येईना, त्यामुळे देव प्रकट झाले ते एका अखंड पंचमावर. माइक खरखरून गप्प झाला. आणि समई विझली. चौकशी समितीने चार बैठका घेतल्या (चहा बावन्न कप) आणि निष्कर्ष काढला: बिघाड तीन, जबाबदार व्यक्ती शून्य. एका माकडावर संशय होता, पण ते सभासद नव्हतं.

तेव्हा सगळ्यांच्या नजरा विश्वेशकडे वळल्या. विश्वेश बाबतपूरच्या विमानतळावर विमानांची देखभाल करणारा इंजिनिअर. लायसन बी-वन वर्गाचं. माणूस देवभोळा, पापभीरू आणि नियमाचा इतका पक्का, की घरचा टीव्ही बंद पडला तरी हात लावत नसे. "तो बी-टूचा विषय आहे," म्हणे. त्याची बायको मग गल्लीतल्या मिस्त्रीला बोलवी. मिस्त्रीचा वर्ग कोणता, हे तिने कधी विचारलं नाही, आणि टीव्ही चालू होई.

विश्वेशने सर्वसाधारण सभेत विमानांची व्यवस्था समजावून सांगितली. ए वर्गाचा माणूस चाक बदलणं, दिवा बदलणं अशी लहान कामं करतो आणि फक्त स्वतःच्या हाताने केलेल्या कामावरच सही करू शकतो. बी-वन म्हणजे सांगाडा, इंजिन, यंत्रं. बी-टू म्हणजे रेडिओ आणि नाजूक उपकरणं. आणि सी वर्ग? मोठी तपासणी झाली की अख्खं विमान सेवेस सोडण्याची शेवटची सही त्याची. त्याला पाना हातात धरावा लागत नाही...

इथे टाळ्यांचा कडकडाट झाला. "पण खालच्या सगळ्या सह्या झाल्याशिवाय त्याला सही करता येत नाही," हे वाक्याचं दुसरं टोक त्या कडकडाटात कुणालाच ऐकू गेलं नाही.

मंडळाने हीच व्यवस्था उचलली आणि सभासदांकडून लायसनसाठी अर्ज मागवले. एकूण सभासद एक्केचाळीस. सी वर्गासाठी अर्ज अडतीस. बी-वन एक (विश्वेश). बी-टू एक (विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नोकरीला असलेला केयूर, ज्याला माइकमधलं कळतं). ए वर्ग, शून्य. एक्केचाळिसाव्या सभासद बकुळमावशी. बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी अर्ज भरला नाही, कारण अर्ज भरणाऱ्यांना चहा देणारं दुसरं कुणी नव्हतं. "तीस वर्षं सह्याच केल्या रे बाबा," त्या विश्वेशला म्हणाल्या. "आता वाती वळते."

(कीर्तनकार इंदूताई यांना या मोजणीत धरलेलं नाही. विमानाला लायसन देत नाहीत.)

सी वर्गाच्या तोंडी परीक्षेत एकच प्रश्न होता: आजवर कशाकशावर देखरेख केलीत? अध्यक्ष श्रीरामकाका रेल्वेतून निवृत्त. ते म्हणाले, "देखरेखीशिवाय मी दुसरं काही केलेलंच नाही." त्यांना विशेष प्रावीण्य मिळालं.

इंदूताई म्हणजे विश्वेशची आई. वय शहात्तर. चाळीस वर्षं त्या नारदाच्या गादीवर उभ्या राहिल्या, आणि यंदाची एकादशी शेवटची, हे त्यांनी स्वतःच सांगून टाकलं होतं. गुडघे गेले होते. डॉक्टरांनी एक गोळी दिली होती. घेतल्यापासून दीड तास गुडघे ऐकतील, म्हणाले, पुढचं देवावर. गोळी साडेचारला घेतली. म्हणजे सहापर्यंत. आईचं शेवटचं कीर्तन बिनबिघाड पार पडावं, एवढ्यासाठीच तर विश्वेशने ही सगळी व्यवस्था आणली होती.

पाच वाजले. सभागृह भरलं. जाजम अंथरलेलं, हार तयार, बुक्का वाटीत, समईच्या पाचही वाती शांतपणे तेवत होत्या. विश्वेशने पेटीवर सही केली. केयूरने माइकवर केली. आणि पत्रकाच्या तिसऱ्या रकान्यापाशी दोघंही थांबले. "समई, जाजम व इतर: काम स्वतः करणाऱ्याची सही, वर्ग ए." रकाना कोरा होता.

"विश्वेशकाका, माइक तो एकदम फर्स्ट क्लास आहे," केयूर म्हणाला. "पण सगळं साइन झाल्याशिवाय ऑन करायचा नाही, असं तुम्हीच लिहिलंय. अब बोलिए."

"विश्वेश, आम्ही अडतीस जण पेनं उघडून बसलोय," श्रीरामकाका म्हणाले. "शाई वाळतेय."

विश्वेश बकुळमावशींकडे गेला. "मावशी, वाती तुम्हीच लावल्यात ना?"

"मीच."

"मग एवढी सही करा."

"माझ्याकडे लायसन कुठाय? कलम चार: लायसनाशिवाय सही नाही. तूच छापलंयस."

"मग आता कोण करणार?"

मावशींनी चष्मा पुसला आणि पत्रक डोळ्यांजवळ धरलं. बँकेतला माणूस बारीक अक्षर आधी वाचतो. "हे बघ, तळाला लिहिलंय. बी-वनच्या लायसनात ए वर्ग आपोआप येतो. म्हणजे तू करू शकतोस. पण स्वतः केलेल्या कामावरच हं. माझ्या वाती बेकायदेशीर आहेत. काढ त्या."

तर्कात खोट नव्हती. विश्वेशने फुलाने समई शांत केली, पाची वाती बाहेर काढल्या, जाजम गुंडाळून पुन्हा अंथरलं (श्रोते उठले, बसले) आणि कापूस घेऊन मांडी घातली. ज्या हातांखालून इंजिनं उडून गेली, त्या हातांना वात वळेना. पहिली सुटली. दुसरी तुटली. तिसरीचं वर्णन करवत नाही. अडतीस सी-वर्गीयांनी भोवती कडं केलं. "घट्ट वळ." "सैल वळ." "आमच्या आजीची वात बघायला हवी होतीस." आठ वाती वाया गेल्या. पाच चाळीस.

"विश्वेशा," खुर्चीतून इंदूताई हळूच म्हणाल्या, "गोळी उतरायला लागली रे."

त्या एका वाक्याने विश्वेशच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हातातला कापूस ओला झाला. बकुळमावशी त्याच्या शेजारी बसल्या. "बोटांना जरा राख लाव. ओढ. आता तळहातावर फिरव. इंजिन नाही ते, दाबू नकोस." त्यांनी स्वतः कापसाला स्पर्श केला नाही, नियम म्हणजे नियम. नववी वात झाली. वाकडी, मध्ये पोट आलेली, पण झाली. एकच. समईने ती घेतली.

विश्वेशने सही केली. मग अडतीस सह्या सुरू झाल्या. तिसरीवर श्रीरामकाकांनी हुद्दा लिहायला घेतला, तेव्हा इंदूताई उठल्या आणि माइककडे न बघताच त्यांनी नमन उचललं. पूर्वरंग सोडून दिला. तेवढा वेळ नव्हता. मगरीने पाय धरलेल्या हत्तीचं आख्यान त्यांनी सरळ हाकेपासून धरलं.

"हत्तीने हाक मारली. देव ताडकन उठले. म्हणाले, गरुडा, चल! गरुड म्हणाला, देवा, जरा थांबा, माझ्या उजव्या पंखाची सही व्हायचीय." सभागृह हसलं. इंदूताईंनी झांज छातीशी धरली आणि आवाज खाली आणला. "देव थांबले नाहीत हो. अनवाणी धावले." आणि हसता हसताच माणसांनी डोळ्यांना पदर नि रुमाल लावले. महाराज, कीर्तन म्हणतात ते हे.

अकरा मिनिटं. सहाला दोन कमी असताना गुडघे वाकले, आणि विश्वेशच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी शेवटचा गजर उभ्यानेच पुरा केला. समईची ती वाकडी वात दोनदा विझू पाहत होती. दोन्ही वेळा बकुळमावशींनी केसातला आकडा काढून ती पुढे सारली. बिनलायसनीच.

मंडळाचा अहवाल आठवड्याभरात निघाला. कीर्तन पूर्णपणे यशस्वी. बिघाड शून्य. यशास जबाबदार व्यक्ती अडतीस. माकड आलं नाही, याची स्वतंत्र नोंद आहे. माइक अजून बंदच आहे, कारण त्याचा दाखला एकविसाव्या सहीवर अडकलाय. केसातल्या आकड्याचा उल्लेख कुठेही नाही.

आता वाचकहो, प्रश्न तुमच्या सहीचा. ही कथा चांगली की वाईट, हे ठरवायचा अधिकार तुमचा आहे. पाना हातात न धरता सही करणारे तुम्ही जन्मजात सी वर्गाचेच. जरूर करा. फक्त त्याआधी एक लहानसा रकाना भरायचा राहिलाय: तुम्ही शेवटचं जे कीर्तन ऐकलंत, जी पूजा केलीत, जे सणाचं जेवण जेवलात, तिथल्या वाती कुणी वळल्या होत्या, त्या माणसाचं नाव.

आठवत नसेल तर कोरा सोडा. बाकीच्या अडतीस जणांनीही तसंच केलंय.