तीन किल्ले आणि एक जादा ब्रेक

मास्तरांच्या साडूने आणखी एका किल्ल्याचा फोटो पाठवला, तेव्हा मास्तर दाढी करत होते. बायकोने फोन थेट आरशासमोर धरला. फोटोत बुरूज होता, बुरुजावर साडू होता, साडूच्या खांद्याला टेकून बायकोची थोरली बहीण होती, आणि खाली तो बुरूज कोणी बांधला, कोणी पाडला आणि पुन्हा कोणी बांधला हे साडूने स्वतः लिहिलं होतं.

"भाऊजी ताईला किती फिरवतात नाही?" बायको म्हणाली.

तिने एवढंच म्हटलं. पण मास्तरांच्या हनुवटीला रेझर लागला आणि मनाला त्याहून जास्त लागलं. साडूची नोकरी मोठी, घर मोठं, याबद्दल मास्तरांचं फारसं काही म्हणणं नव्हतं. पण निम्म्या गावाला मोटार शिकवणाऱ्या माणसाच्या घरात दुसऱ्याच्या फिरवण्याचं कौतुक व्हावं, हे त्यांना सहन होईना. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते हेच.

"येत्या रविवारी आपण जातोय," हनुवटीला कापूस लावत ते म्हणाले. "एक नाही, तीन किल्ले, एका दिवसात. त्या दोघांनाही सांग. म्हणावं, आमच्या गाडीतून नेतो."

आमची गाडी म्हणजे शिकवणीची गाडी. तिच्या टपावर 'शिकाऊ चालक, अंतर ठेवा' असा पिवळा फलक होता आणि तो गंजून असा घट्ट बसला होता की टप कापल्याशिवाय निघाला नसता. शिवाय अशा गाडीला असतात तसे चालकाच्या शेजारच्या सीटसमोरही क्लच आणि ब्रेक होते, शिकणारा घाबरला तर शिकवणाऱ्याने गाडी थांबवावी म्हणून. त्या रविवारी तिथे बायको डब्यांची पिशवी पायाशी घेऊन बसली. साडू आणि ताई पाहुणे म्हणून मागे.

मास्तर नियमाने निघाले. नियमाने म्हणजे इतक्या नियमाने, की डोंगर लागेपर्यंत एका ट्रॅक्टरने त्यांना मागे टाकलं. आयुष्यभर शेजारी बसून दुसऱ्यांना 'हळू, हळू' सांगणाऱ्या माणसाला स्वतः भरभर चालवायची सवयच उरली नव्हती.

"मास्तर, किल्ला आजच बघायचा आहे ना?" साडूने मागून विचारलं. ताई हसली. त्याचं वाईट नाही वाटलं. बायकोही हसली, त्याचं वाटलं.

पहिल्या किल्ल्यावर तर साडूला मोकळं रानच मिळालं. दरवाजा असा तिरपा का, पायऱ्या एकसारख्या का नाहीत, शत्रू वरून दिसावा पण शत्रूला आपण दिसू नये म्हणून भिंत कुठे वळवली, सगळं तो सांगत होता आणि दोघी बहिणी माना वर करून ऐकत होत्या. मास्तरांना वाटलं, आपणही काहीतरी सांगायला हवं. त्यांनी तटातल्या एका भोकाकडे बोट दाखवलं.

"इथून तोफ डागायचे."

साडूने वाकून बघितलं. "मास्तर, हे पावसाचं पाणी बाहेर जायचं भोक आहे. तोफेचं तुमच्या मागे आहे."

"भाऊजींना कसं सगळं माहीत असतं," बायको म्हणाली. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला.

खाली आल्यावर ताईनेच विषय काढला. पुढे घाट आहे, वळणं अवघड आहेत, आणि याच वेगाने गेलो तर तिसरा किल्ला अंधारात चाचपडत बघावा लागेल. "यांचा घाटात हात बसलाय. यांनाच चालवू दे ना." बायकोने लगेच मान हलवली. ती पिशवी घेऊन मागे ताईशेजारी जाऊन बसली, आणि मास्तर निमूटपणे आपल्या नेहमीच्या जागेवर येऊन बसले, शेजारी.

पहिल्या वळणावर जे झालं, त्यात मास्तरांचा दोष नव्हता. इतक्या वर्षांची सवय. वळण दिसलं की पाय आपोआप खाली जायचा. तो गेला. गाडी आचका देऊन जवळजवळ थांबली आणि मागच्या दोघी पुढच्या सीटवर आपटल्या.

"अहो, हे काय चालवणं?" ताई नवऱ्यावर ओरडली.

साडू गोंधळला. "मी काहीच केलं नाही."

मास्तर कबूल करणार होते. तोंड उघडलंही होतं. पण साडूच्या चेहऱ्यावरचा तो भांबावलेला भाव त्यांनी आजवर कधी बघितला नव्हता, आणि तो पुन्हा एकदा बघावासा वाटला. त्यांनी तोंड मिटलं. "होतं असं," ते मायेने म्हणाले. "नवीन गाडी हाताला लागायला वेळ लागतो."

तिथून पुढे सवय संपली आणि धोरण सुरू झालं. साडू काही माहिती सांगायला लागला की मास्तरांचा पाय खाली. ताईने त्याच्या दंडाला हात लावला की पाय खाली. मागून "भाऊजींनी काय छान वळवली" असं ऐकू आलं, तेव्हा तर पाय इतक्या जोरात गेला की डब्यांची झाकणं उघडली. शिकवणीच्या गाडीला दोन ब्रेक असतात हे साडूला ठाऊक नसेल असं नाही. पण माणूस एकदा स्वतःलाच दोषी समजायला लागला की शेजाऱ्याच्या पायाकडे बघत नाही.

"हिच्यात काहीतरी बिघाड आहे," तो कपाळ पुसत म्हणाला.

"माझ्याकडे तर कधी तक्रार नाही तिची," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या किल्ल्यात साडूने एक अक्षरही काढलं नाही. ताई दरवाजातच डोकं धरून बसली, तिला गरगरत होतं. मास्तर एकटेच तटावरून ऐटीत फिरून आले. इतका सुंदर किल्ला त्यांनी जन्मात बघितला नव्हता.

तिसरा किल्ला समोरच्या डोंगरावर होता. आधी दरीत उतरायचं, मग चढायचं. उतारावर साडू अगदी मुंगीच्या पावलाने चालला होता. तरीही बायको म्हणाली, "भाऊजी किती जपून नेताहेत बघा." मास्तरांनी पाय खाली नेला तो वर आणलाच नाही. थोड्याच वेळात जळका वास आला, मग चाकांतून धूर आला, आणि साडूने गाडी कशीबशी रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीसमोर उभी केली.

टपरीवाल्याने चाकांकडे बघितलं, टपावरचा फलक वाचला आणि साडूला म्हणाला, "शिकताय वाटतं. ब्रेक इतका दाबून ठेवू नये, दादा. आता निवू द्या तासभर."

साडूने चहाला हातही लावला नाही. "मी आता गाडी चालवणार नाही," तो म्हणाला. "आज नाही आणि पुढेही नाही." ताई त्याच्याकडे न बघता दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

मास्तर खुशीत उठले. आता मोकळं मैदान होतं. त्यांनी एक पाऊल टाकलं आणि दुसऱ्याला "आई गं" म्हणून खाली बसले. दिवसभर ब्रेक दाबून पोटरीत असा गोळा आला होता की पाय सरळ होईना. माणसं आपल्याच पायावर धोंडा मारून घेतात हे त्यांनी ऐकलं होतं. धोंड्याशिवायही काम होतं हे आज कळलं.

बायको शेजारी आली आणि तिने हात पुढे केला. "चावी द्या."

"कशाला?"

"चालवायला."

मास्तरांनी निम्मं गाव शिकवलं होतं, बायको तेवढी राहिली होती. दर वेळी ती विचारायची आणि दर वेळी 'सध्या जागा नाही' म्हणून ते तिला पुढच्या तुकडीवर ढकलायचे. "तुला येतं कुठे?" ते हसून म्हणाले.

बायको खाली वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "मी मागे बसले होते, अहो, आंधळी नव्हते झाले. तुमचा पाय दिवसभर कुठे होता ते ताईला सांगू का?"

मास्तरांनी चावी दिली.

ती चालकाच्या जागेवर बसली. मास्तर शेजारी बसल्यावर म्हणाली, "पाय वर घ्या. मांडी घालून बसा." गोळा आलेला पाय दुमडता दुमडता मास्तर कळवळले, पण बसले. मग बायकोने सीट पुढे ओढली आणि खणखणीत आवाजात बोलायला लागली. "आरसा बघितला. मागे कोणी नाही. हँडब्रेक सोडला. पहिला गिअर. निघते आहे."

मास्तरांच्या अंगातून वीज गेली. असं मोठ्याने बोलत गाडी चालवणारी माणसं एकाच ठिकाणी तयार होत. बाजाराच्या चौकात एका बाईंनी शिकवणी काढली होती; त्यांचे सगळे विद्यार्थी सिग्नलला असेच पुटपुटत उभे असायचे. मास्तर त्यांना पोपट म्हणत. साडूबद्दलचं दुखणं आता खरचटल्याएवढं वाटायला लागलं. घरातल्या बाईने, स्वतःच्या बायकोने, जाऊन जाऊन त्या बाईंकडे शिकावं?

"कधीपासून?" मागे ऐकू जाणार नाही अशा बेताने त्यांनी दात आवळून विचारलं.

"तुम्ही सकाळी मैदानावर मुलांना शिकवायला जायचात तेव्हापासून," ती हळूच म्हणाली, आणि मग मोठ्याने, "पुढे वळण आहे. हॉर्न देते. वेग कमी करते."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर शेजारी बसला असतात. मग मी जन्मभर तुमच्याच ब्रेकवर चालवली असती. दुसरा गिअर."

गाडी पाण्यासारखी चढत होती. मागे ताईला डुलकी लागली. मास्तर प्रत्येक वळणाला चूक शोधत होते आणि प्रत्येक वळणाला हरत होते. उजेड असतानाच तिसरा किल्ला आला. दरवाजासमोर बायकोने एका झटक्यात गाडी उलटी लावली, तीही दोन बसच्या मधल्या फटीत.

ताई खाली उतरली ती सरळ मास्तरांकडे आली. "मास्तर, मानलं तुम्हाला. बायकोला घाटात असं शिकवायचं म्हणजे केवढी चिकाटी हवी. आमच्याकडे मला कोणी चावीला हात लावू देत नाही."

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. ती पिशवीतली झाकणं लावत होती.

"आणि ते मोठ्याने बोलायचं काय सुरेख आहे," ताई पुढे म्हणाली. "शेजारच्याला भीतीच वाटत नाही. तुम्हीच काढलीत ना ही पद्धत?"

दिवसभर ज्या कौतुकासाठी मास्तर जळत होते, ते समोर येऊन उभं होतं, आणि ते दुसऱ्याचं होतं. त्यांनी एकदा किल्ल्याकडे बघितलं, एकदा आभाळाकडे.

"हो," ते म्हणाले. "माझीच."

"मग उद्यापासून मी येते तुमच्याकडे. अगदी अशीच शिकवा."

साडू जवळ आला. सगळी माहिती, सगळा रुबाब घाटात सांडून आला होता. त्याने ताईकडे बघायचं टाळलं आणि मास्तरांना बाजूला घेतलं. "मीही येऊ का, मास्तर? माझं काहीतरी मुळातच चुकतंय. हे बोलत बोलत चालवायचं मलाही शिकवा. एवढे उपकार करा."

"या ना," मास्तर म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

दोघं वर गेल्यावर मास्तर लंगडत बायकोजवळ आले. आजूबाजूला कोणी नाही असं बघून त्यांनी आवाज अगदी खाली आणला.

"ऐक ना. आरसा झाला, मागे कोणी नाही झालं, हँडब्रेक झाला. वळणावर आधी काय म्हणायचं असतं? आणि उलटी लावताना?"

बायकोने डब्याचं शेवटचं झाकण दाबून बसवलं.

"असं तोंडी नाही यायचं तुम्हाला," ती म्हणाली. "मी बाईंना विचारते, सकाळची एखादी जागा आहे का."