रहिमानमामांची खानेसुमारी

रहिमानमामांवर लिहायचा मला अधिकार नाही. कॉलेजात दोन वर्षं काढली म्हणजे लिहिता येतंच असं नाही, आणि मी जे केलं त्यानंतर तर गप्प बसणंच बरं. तरी लिहितो. वाचणाऱ्यांनी माफ करावं.

मामा आमच्या गावचे कल्हईवाले, आणि त्यांना गाव मोजायचा नाद. रोज. कुणाची नवी नवरी वेशीतून आत आली की भर वाजंत्र्यात ओरडायचे, "जमा एक! सहाशे चार!" मयतीला मात्र आकडा बोलत नसत, नुसतं एक बोट मिटत. सरकारी खानेसुमारीचा माणूस आला तेव्हा त्यालाच म्हणाले, "सायेब, तुमी धा वर्सांनी मोजताय. मी रोज मोजतो. माझ्याकडनं लिवून घ्या, च्या प्या आन् जावा."

त्यांची रीत साधी होती. आमच्याकडे प्रत्येकाचं पितळी ताट, त्यावर नाव घातलेलं. ज्याचं ताट कल्हईला आलं, तो गावात. मामांना अक्षर येत नव्हतं. ताटाला पडलेल्या पोच्यांवरून ते माणूस ओळखत. मुंबईला गिरणीत गेलेल्यांची, दौंडला रेल्वेत लागलेल्यांची ताटंही त्यांच्या आया दरसाल कल्हईला काढत. म्हणून तेही गावात.

"रहिमानभाई, शिरपा धा वर्सं मुंबईला हाय की," माझे वडील चिडवायचे.

"मग त्याच्या आईला सांगा, ताट मोडीत घाल म्हणून. हाय छाती?"

गावाला यष्टी नव्हती. मांडवगण फराट्यापर्यंत दोन तास चालायचं, तिथून शिरूरची गाडी. ओढा चढला की तेही बंद. अडलेली बाई बैलगाडीत घालून न्यायची, आणि सगळ्याच पोचत नसत. शेवटी गाडीसाठी अर्ज करायचं ठरलं. त्यात वस्ती किती ते लिहायचं होतं. कॉलेजात जाणारा मी एकटा, म्हणून लिहिणं माझ्याकडे आलं.

मामा समोर उकिडवे बसले. "लिव्ह, मास्तर. सहाशे चार."

"मामा, बाहेरगावी राहणारे धरता येत नाहीत."

"तू कुठं ऱ्हातोस?"

"पुण्याला. वसतिगृहात."

"मग तुला धरायचा का सोडायचा?"

मी हसण्यावारी नेलं. अर्ज घरी बसून लिहिला. खरं तेच लिहावं, असं आम्हाला शिकवलेलं. एकतीस माणसं मी गाळली. त्यांत मामांचा मुलगा करीम होता. तो दौंड स्टेशनावर आगगाडीत बसला, त्याला आठ वर्षं झाली. पत्र नाही, ठावठिकाणा नाही. त्याच्या ताटाला मामा दर सणाला कल्हई करत आणि आपल्या ताटाशेजारी मांडत. मला हे माहीत होतं. तरी गाळला. स्वतःला मात्र धरलं.

अर्ज मामाच शिरूरला घेऊन निघाले. निघताना म्हणाले, "येकदा वाचून दाव की."

मी कागद उघडला. "वस्ती, सहाशे चार," म्हणालो.

"हां! आता कशी देत न्हाईत गाडी, बघतो!"

मी पुण्याला परत आलो. दोन महिने घरून काहीच कळलं नाही, आणि विचारायचं माझं धाडस झालं नाही. मग वडिलांचं कार्ड आलं, शाळेतल्या गुरुजींकडून लिहवून घेतलेलं. गाडी शेजारच्या गावाला मिळाली. आपली वस्ती कमी भरली. कचेरीतल्या कारकुनानं रहिमानभाईंना अर्ज वाचून दाखवला. इकडे लोक तुझ्या नावानं खडे फोडायला लागले, तेव्हा रहिमानभाई चावडीवर उभे राहिले. म्हणाले, "पोराला कुनी बोलू नका. मी सांगितला त्योच आकडा त्यानं लिवला. मोजन्यात मीच चुकलो. माझा करीम गावात न्हाई."